प्रवेश-अर्जांतील दोन रकाने

महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत मुलांच्या उच्च शिक्षणाचा विचार सुरू झाला, म्हणजे पहिला प्रश्न गुणांचा निघतो. बारावीला किती मिळाले, सी. ई. टी. मध्यें क्रमांक कितवा आला, यांवरच येथील बहुतेक दारें उघडतात किंवा मिटतात. दहावीच्या परीक्षेंत चित्रकला, क्रीडा किंवा लोककला यांतील प्रावीण्याबद्दल कांहीं वाढीव गुण मिळतात खरे. परंतु तेहि शेवटीं गुणच. विद्यार्थ्यानें शाळेबाहेरचा वेळ कसा घालविला आणि त्याच्या घरीं कोणते प्रसंग येऊन गेले, हें येथील अर्ज सहसा विचारीत नाहीं. त्यामुळें अशा घरांतील मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंतील महाविद्यालयाचा अर्ज भरावयास बसली, म्हणजे घरांतील सर्व मंडळी नेमकी दोन रकान्यांपाशीं अडखळते. एका रकान्यांत अभ्यासाबाहेरच्या उद्योगांची यादी मागितलेली असते. दुसऱ्यांत आयुष्यांत आलेल्या अडचणींविषयीं कांहीं सांगावयाचें असल्यास सांगा, असें म्हटलेलें असतें.

अडखळण्याचे प्रकारहि दोनच आहेत. कांहीं घरांत यादी फुगविली जाते. एका सकाळीं लावलेलें रोप 'पर्यावरण-चळवळीचें नेतृत्व' होतें आणि आजोबांचें निधन झालें असेल, तर त्याच्याभोंवतीं साडेसहाशें शब्दांचा शोक रचला जातो. दुसऱ्या घरांत याच्या उलट घडतें. "आमच्या मुलीनें अभ्यास आणि घरकाम यांखेरीज केलें तरी काय?" असें म्हणून यादी अर्धी कोरी ठेवली जाते आणि घरांतील आजारपण किंवा ओढाताण ही चारचौघांत बोलण्याची गोष्ट नव्हे, म्हणून तो रकानाहि रिकामा राहतो. पहिल्या घराची पत जाते; दुसऱ्या घरच्या मुलीला स्वतःच्या कष्टांची किंमत कधींच कळत नाहीं. दोन्ही चुकांच्या मुळाशीं गैरसमज एकच आहे. हे रकाने म्हणजे दिवाणखान्यांतील शोभेचें कपाट, अशी सर्वांची कल्पना असते. वास्तविक त्यांत एक साधा प्रश्न विचारलेला आहे : हातांत होता तेवढ्या वेळाचें आणि वांट्यास आलेल्या परिस्थितीचें या विद्यार्थ्यानें काय केलें?

हा प्रश्न अर्जांत आला कसा, याचा इतिहास फारसा उज्ज्वल नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील नामांकित महाविद्यालयांत प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळत असे. त्या वाटेनें ज्यू कुटुंबांतील हुशार मुलें मोठ्या संख्येनें येऊं लागलीं. १९२२ सालीं हार्वर्डमध्यें त्यांचें प्रमाण सुमारें एक-पंचमांश झालें होतें. त्या वर्षीं तेथील अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनीं त्यांच्या संख्येस मर्यादा घालण्याची सूचना पुढें आणली. उघड मर्यादेस विरोध झाला. तेव्हां 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', 'नेतृत्व' अशा मापांत न बसणाऱ्या गोष्टींस वजन देण्याची रीत हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथें रुजली. समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द चोझन' या ग्रंथांत हा सारा वृत्तांत मांडला आहे. दार अरुंद करण्यासाठीं निघालेली ही युक्ति पुढच्या पिढ्यांत दार रुंद करण्यासाठींहि वापरली गेली. ज्या शाळांत प्रयोगशाळा नाहीं, ग्रंथालय नाहीं, अशा शाळांतील मुलांची योग्यता नुसत्या गुणांपलीकडे पाहतां यावी, हा हेतु तींत मागाहून आला.

१९७५ सालीं १५ खाजगी महाविद्यालयांनीं सर्वांस मिळून एकच अर्ज असावा असें ठरविलें. त्यांतून 'कॉमन ॲप्लिकेशन' नांवाची संस्था उभी राहिली. आज तिच्या सभासद-संस्था १,००० हून अधिक आहेत आणि भारतांतून अमेरिकेस जाऊं इच्छिणारे बरेच विद्यार्थी हाच अर्ज भरतात. पुढें २९ जून २०२३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत निकाल दिला. हार्वर्डमध्यें आशियाई वंशाच्या अर्जदारांस 'व्यक्तिमत्त्वा'च्या सदरांत कमी श्रेणी मिळते, अशी फिर्यादी पक्षाची एक तक्रार होती. प्रवेश देतांना अर्जदाराचा वंश हा निकष धरण्यास न्यायालयानें मनाई केली. परंतु सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनीं असेंहि नमूद केलें कीं, वंशामुळें आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हें अर्जदार सांगूं शकतो. मात्र तें त्याच्या धैर्याशीं, निश्चयाशीं किंवा विद्यापीठास होणाऱ्या उपयोगाशीं जोडलेलें असावें. अमेरिकेंत वाढलेल्या मराठी मुलांशींहि या निकालाचा संबंध येतो. पण त्यांतील तत्त्व वंशापुरतेंच नाहीं. कोणत्याहि अडचणीला हेंच माप लावणें शहाणपणाचें आहे. दुःख ही पात्रता नव्हे; दुःखांत असतांना जें केलें गेलें, त्यांतून पात्रता दिसते.

आतां पहिला रकाना. कॉमन ॲप्लिकेशनमध्यें जास्तींत जास्त १० उद्योग लिहितां येतात. प्रत्येकापुढें स्वतःचें पद किंवा काम सांगण्यास ५० अक्षरें, संस्थेच्या नांवास १०० अक्षरें आणि वर्णनास १५० अक्षरें, तींहि मोकळ्या जागा व विरामचिन्हें धरून, एवढीच जागा असते. इंग्रजींत तीं जेमतेम वीस-पंचवीस शब्द होतात. शिवाय तो उद्योग कोणत्या इयत्तांत केला, आठवड्याला किती तास आणि वर्षांतून किती आठवडे, हें आंकड्यांत भरावें लागतें. पारितोषिकांसाठीं निराळ्या ५ ओळी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र आहे. तेथें उद्योग व पारितोषिकें मिळून २० नोंदी करतां येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनास ३५० अक्षरें मिळतात. जागा किती आहे हें पाहून ती भरून काढण्याचा मोह बहुतेकांस होतो. तसा कोणताहि नियम नाहीं. पांच खऱ्या नोंदी दहा पोकळ नोंदींपेक्षां भारी ठरतात.

तास आणि आठवडे यांचे आंकडे पालकांना किरकोळ वाटतात; पण अर्ज वाचणारा प्रथम तेच पाहूं शकतो. शाळा, शिकवणी, झोप आणि प्रवास यांचा हिशेब त्यालाहि करतां येतो. दहा उद्योगांचे आठवड्याचे तास मिळून सत्तर होत असतील, तर त्या मुलाच्या आठवड्यांत दिवस किती होते, हा प्रश्न त्याच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं, आणि एका नोंदीवरचा विश्वास उडाला कीं तो सर्व नोंदींवरून उडतो.

याच यादींत उद्योगाचा प्रकार निवडावयाचा असतो आणि त्या प्रकारांत 'पगारी काम' व 'घरची जबाबदारी' हे दोन्ही स्पष्ट छापलेले आहेत. हें ठाऊक नसल्यामुळें होणारें नुकसान फार मोठें आहे. समजा, नाशिकच्या एका मुलीचे वडील किराणा दुकान चालवितात. ही मुलगी नववीपासून आठवड्यांतील सहा संध्याकाळीं दोन-दोन तास दुकानांत बसते, हिशेब लिहिते आणि उधारीच्या वहीकडे पाहते. वर्षांतील ४८ आठवडे धरले, तर १२ तासांच्या हिशेबानें ५७६ तास होतात. तिच्या अर्जाच्या पहिल्या मसुद्यांत या कामाचा उल्लेखच नसतो. त्याऐवजीं एका दिवसाचें वृक्षारोपण, दोन दिवसांचें शिबिर आणि एका वक्तृत्वस्पर्धेंतील सहभाग एवढें असतें. दुकान हा 'उद्योग' कसा, तें तर घरचेंच काम, असें तिलाहि वाटतें आणि तिच्या आईवडिलांसहि.

पण दुकानाची नोंद पहिल्या ओळींत यावयास हवी. तीहि "वडिलांना दुकानांत मदत केली" एवढी मोघम नको. इंग्रजींत लिहावयाचा आशय साधारण असा असेल : "रोजचा हिशेब, उधारीची वही संगणकावर आणली, ६० गिऱ्हाइकांना दरमहा थकबाकी कळविली, माल संपण्यापूर्वीं मागणीची यादी केली." यांत विशेषण एकहि नाहीं. कर्तृत्व, जिद्द, नेतृत्व असे शब्द नाहींत. तरीहि हिशेब चोख आहे, काम अंगावर घेण्याची वृत्ति आहे आणि जुनी पद्धत सुधारण्याची दृष्टि आहे, हें वाचणाऱ्याला आपोआप दिसतें. विशेषणें काढून क्रियापदें ठेवावींत, 'पुष्कळ' काढून आंकडा ठेवावा, हा या रकान्याचा सारा धडा आहे. आंकडा मात्र मोजलेला असावा. गिऱ्हाइकें चाळीस असतील तर चाळीसच लिहावींत. लहान आंकड्यानें अर्ज पडत नाहीं, खोट्या आंकड्यानें पडतो.

दुसरी अडचण शब्दांच्या परकेपणाची. ढोल-ताशा पथक, गणेशोत्सवाचें मंडळ, इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा, राष्ट्रीय छात्रसेनेचें शिबिर यांचें महत्त्व मराठी वाचकास सांगावें लागत नाहीं. परंतु बॉस्टन किंवा शिकागो येथें बसलेल्या वाचकास तें कळणें कठीण. नुसतें नांव न देतां चार शब्दांत उलगडा केला पाहिजे : "गणपतीच्या मिरवणुकींत वाजविणारें ८० जणांचें वाद्यपथक", किंवा "महाराष्ट्र शासनाची चित्रकलेची परीक्षा". पारितोषिक असेल तर तें शाळेपुरतें, जिल्ह्यापुरतें कीं राज्यापुरतें, हें सांगावें. याच्या पलीकडे वर्णन नको.

घरच्या कामाला असा मान मिळावा, हा विचार त्या देशांतहि सहज रुजला नाहीं. जानेवारी २०१६ मध्यें हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र-विभागांतील एका प्रकल्पानें 'टर्निंग द टाइड' नांवाचा अहवाल काढला. उद्योगांच्या संख्येपेक्षां त्यांच्या सखोलपणाकडे पाहावें, आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ किंवा घरखर्चासाठीं केलेली नोकरी हींहि समाजसेवेइतकीच मोलाचीं धरावींत, असा त्याचा आग्रह होता. दूरदेशीं जाऊन पंधरा दिवस सेवा करण्यास पैसा लागतो. आजीला रोज औषध देण्यास लागत नाहीं. दोन्ही करणाऱ्यांची तुलना करतांना हें विसरलें जाऊं नये, एवढेंच त्याचें म्हणणें.

आतां दुसरा रकाना. येथें प्रथम दोन जागा निराळ्या ओळखाव्या लागतात. एक जागा निबंधाची आहे. कॉमन ॲप्लिकेशनचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. त्यासाठीं सात विषय दिलेले असतात आणि त्यांतील एक 'आपल्या आवडीचा कोणताहि विषय' असा आहे. अडचणीवर लिहावें अशी सक्ति कोठेंहि नाहीं. रात्रीं दुर्बिणींतून तारे पाहण्याचा छंद, आजोबांशीं बुद्धिबळ खेळतांना शिकलेली एखादी गोष्ट, यांवरहि उत्तम निबंध होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठांत एका लांब निबंधाऐवजीं आठ प्रश्नांपैकीं चारांचीं उत्तरें प्रत्येकीं ३५० शब्दांच्या मर्यादेंत द्यावयाचीं असतात. त्यांत अडचणीसंबंधीं एक प्रश्न आहे, पण तो निवडलाच पाहिजे असें नाहीं.

दुसरी जागा केवळ माहितीची आहे. कोविडच्या सांथींत, २०२० सालीं, कॉमन ॲप्लिकेशननें सांथीचा परिणाम सांगण्यासाठीं एक ऐच्छिक प्रश्न घातला. २०२५-२६ च्या अर्जापासून त्याचें रूप अधिक व्यापक होऊन तो 'अडचणी व परिस्थिति' अशा अर्थाचा झाला. मर्यादा २५० शब्दांची. येथें साहित्य लिहावयाचें नसतें. गुणपत्रिकेंत किंवा उद्योगांच्या यादींत जें रिकामें किंवा उणें दिसतें, त्याचें कारण येथें सांगावयाचें असतें.

ही माहिती लिहिण्याचा क्रम सरळ आहे : काय घडलें, केव्हांपासून केव्हांपर्यंत, त्याचा शिक्षणावर परिणाम काय झाला, विद्यार्थ्यानें काय केलें आणि आज स्थिति काय आहे. समजा, सोलापूरच्या एका मुलाचे दहावीला ८८ टक्के गुण होते, अकरावीला ते ७१ वर आले. "त्या वर्षीं आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला" असें लिहून वाचणाऱ्याला कांहींच समजत नाहीं. उलट असें लिहिलें तर सारें समजतें : "जुलै ते नोव्हेंबर या ५ महिन्यांत आईवर मुंबईस उपचार चालू होते व वडील तिच्याजवळ होते. या काळांत धाकट्या बहिणीची शाळा व घरचा स्वयंपाक मी सांभाळला. वर्गांतील उपस्थिति कमी झाली व विज्ञानाचे गुण घटले. डिसेंबरपासून नियमित हजर आहें. राहिलेले प्रयोग शिक्षकांच्या साह्यानें पुरे केले." साठ शब्दांच्या आंत काम झालें. त्यांत रडें नाहीं, आणि लपवालपवीहि नाहीं. शिवाय याच मुलाच्या उद्योगांच्या यादींत त्या पांच महिन्यांची 'घरची जबाबदारी' तासांसह आली, म्हणजे दोन्ही रकाने एकमेकांना आधार देतात.

अडचण जितकी मोठी तितकी संधि चांगली, हा समज मात्र घातक आहे. त्यामुळें सुस्थितींतील मुलें नसलेलें दुःख शोधूं लागतात आणि खरोखर दुःखांत असलेलीं मुलें आपली जखम किती खोल दिसेल, याचा हिशेब करूं लागतात. सतरा वर्षांच्या मुलाला असा हिशेब शिकविणें हा प्रवेशापेक्षां महाग सौदा आहे. ज्या घरांत मोठें संकट आलेंच नाहीं, त्यानें रकाना निःशंकपणें कोरा ठेवावा. ज्या घरांत आलें, त्यानेंहि आधीं एक गोष्ट पाहावी : हें गुपित एकट्या विद्यार्थ्याचें आहे काय? वडिलांचें व्यसन, बहिणीचा मानसिक आजार, आईवडिलांतील बेबनाव, यांत दुसऱ्या माणसाची अब्रू गुंतलेली असते. त्या माणसाला विचारल्यावांचून तें कागदावर जाऊं नये. पुष्कळदां "घरांतील एका व्यक्तीच्या दीर्घ आजारामुळें" एवढे शब्द पुरेसे होतात. कांहीं गोष्टी विद्यार्थ्याऐवजीं शाळेनें सांगितलेल्या अधिक शोभतात. अर्जासोबत शाळेचा अहवाल व समुपदेशकाचें पत्र जातें. येथील अनेक शाळांत समुपदेशक नसतो, तेव्हां हें काम मुख्याध्यापक किंवा प्राचार्य करूं शकतात. त्यांना परिस्थिति वेळेवर कळविली, तर तिची साक्ष बाहेरून मिळते.

पैशाच्या अडचणीविषयींहि एक खुलासा आवश्यक आहे. निबंधांत गरिबीचें वर्णन केल्यानें शिष्यवृत्ति मिळते, असें नाहीं. आर्थिक साह्याची मागणी निराळ्या कागदांवर, उत्पन्नाच्या पुराव्यांसह करावी लागते. अनेक महाविद्यालयें त्यासाठीं 'सी. एस. एस. प्रोफाइल' नांवाचा अर्ज घेतात. जें आंकड्यांनीं सिद्ध करावयाचें, तें करुणरसानें सिद्ध होत नाहीं.

खोटेपणाचा शेवट काय होतो, याचें उदाहरण मार्च २०१९ मध्यें जगापुढें आलें. कॅलिफोर्नियांतील विल्यम सिंगर नांवाच्या इसमानें श्रीमंत घरांतील मुलांना खेळाडू ठरविण्यासाठीं बनावट माहितीपत्रकें तयार केलीं होतीं. जीं मुलें तो खेळ खेळतहि नव्हतीं, तीं त्यांत पटाईत असल्याचें दाखविलें होतें. अनेक पालकांना तुरुंगवास झाला आणि सिंगर यांस जानेवारी २०२३ मध्यें साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या थरास न जातांहि, विकत मिळणारीं प्रमाणपत्रें आणि कागदावरच जन्मलेल्या 'सेवासंस्था' ही त्याच वाटेची सुरुवात आहे. अर्जाच्या शेवटीं विद्यार्थी आपल्या सहीनें सांगतो कीं, यांतील मजकूर खरा आणि आपलाच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहवून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणें, हेंहि कॉमन ॲप्लिकेशनच्या नियमांत लबाडींत धरलें आहे. वडिलांच्या लेखणींतून उतरलेला निबंध त्याहून फार निराळा नव्हे. वडिलधाऱ्यांनीं प्रश्न विचारावेत, तारखा व आंकडे तपासावेत. वाक्यें मुलांचींच राहूं द्यावींत.

एका देशासाठीं केलेला मजकूर दुसरीकडे तसाच धाडूं नये, हेंहि लक्षांत ठेवावें. ब्रिटनमध्यें यू. सी. ए. एस. या संस्थेमार्फत अर्ज जातो. २०२६ च्या प्रवेशापासून तेथें एका सलग निवेदनाऐवजीं तीन प्रश्न आले : हाच विषय कां, शिक्षणानें त्यासाठीं काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलें व तें कसें उपयोगी पडेल. तिन्ही मिळून ४,००० अक्षरें. तेथें सारा रोख विषयाच्या गोडीवर असतो. वैद्यकीला जाणाऱ्यानें आजीची शुश्रूषा सांगणें तेथें समर्पक ठरेल. ढोलपथक बहुधा ठरणार नाहीं.

या सर्वांसाठीं घरांत करण्याजोगें काम अल्प आहे. नववीच्या आरंभीं एक वही घालावी. महिन्याच्या अखेरीस त्या महिन्यांत अभ्यासाखेरीज काय केलें, किती तास केलें आणि त्यामुळें कोणाचें काय बदललें, एवढें तीन-चार ओळींत लिहावें. दळण आणणें, भावाचा अभ्यास घेणें, आजोबांना बँकेंत नेणें हेंहि लिहावें. अर्जाची वेळ येईल तेव्हां आठवणींच्या मागें धांवावें लागणार नाहीं आणि आंकडे खरे निघतील. अर्ज पुरा झाल्यावर तो मुलाला जवळून ओळखणाऱ्या एका माणसाकडून वाचून घ्यावा. "हा आपलाच मुलगा" असें त्यानें ओळखलें, तर अर्ज नीट झाला. न ओळखल्यास भाषा सुधारीत न बसतां मजकूर पुन्हा लिहावयास घ्यावा. परदेशीं प्रवेश मिळो वा न मिळो, संध्याकाळचे ते दोन तास फुकट गेले नव्हते, हें त्या नाशिकच्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना वहीच्या पानावर दिसलेलें असेल.